पिहरीचे पाय

पिहरीचे पाय मी बाजारातच कापून घेतले. का कापून घेतले ते आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणाला माझी दया येणार नाही. मला चिखल आवडत नाही. एवढंच कारण होतं.

पिहरी म्हणजे पावसाळ्यात जंगलात वारुळांच्या आसपास उगवणारी भूछत्रं. बालाघाटात सगळे पिहरीच म्हणतात. माझी सासू खैरलांजीकडच्या खेड्यातली, ती टेकोडे म्हणते. आणि मी वर्गात 'कवक' म्हणते, कारण मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, हिंदी माध्यमात. दर पावसाळ्यात तोच धडा येतो: सजीवांचे पाच गट, आणि त्यात कवकांचा गट वेगळा. मुलं दरवर्षी भूछत्राला झाड म्हणतात. मी दरवर्षी फळ्यावर खडू आपटते की अरे बाबांनो, हिरवा रंग नाही, उन्हात स्वतःचं अन्न करत नाही, कुजलेल्या लाकडावर जगतं, ते झाड कसं? मग 'तो क्या जानवर है मैडम?' असं मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारतं आणि वर्ग हसतो. हे सगळं मला इतकं पाठ की झोपेतून उठवलं तरी धडाधडा म्हणून दाखवीन. त्यामुळे नाकही जरा वरच असायचं, खोटं कशाला बोलू.

घरात आम्ही तिघी. नवरा रेल्वेत, ड्यूटी जबलपूरला, पंधरा दिवसांतून एकदा तोंड दाखवणार. मी, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू. सासू शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेली. ती मला 'मॅडम' म्हणते, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाही. मी घरात काही समजावून सांगायला लागले की ती हातातलं काम थांबवते, मान तिरकी करून ऐकते आणि शेवटी म्हणते, "झालं मॅडम? आता कुकरची शिट्टी मोज."

तेव्हा वर्षावास चालू होता. आमच्या बौद्ध घरांत बरेच जण आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने मटण-मासे बंद ठेवतात, संध्याकाळी विहारात वाचन असतं. आमची पोरगी मटणवेडी. दोन आठवड्यांत वरण-भाजी पाहून तोंड वेंगाडायला लागली. म्हणून एका रविवारी सकाळी मी तिला म्हटलं, थांब, आज पिहरी आणते, मटण विसरशील.

बाजारात जंगलाकडून आलेली एक म्हातारी टोपलीत पळसाच्या पानांवर पिहरी मांडून बसली होती. ही माणसं पिहरी कधीच साफ करून आणत नाहीत. खाली वीतभर मूळ, मुळाला चिखल, तशीच मांडतात. मी न उमललेल्या कळ्या निवडल्या, कारण त्या कोवळ्या असतात, आणि म्हटलं, खालचं सगळं कापून दे.

"बाई, पाँव मत कटवाओ," ती म्हणाली. "पाँव से ही पहचान होती है."

"हमको मत सिखाओ," मी म्हणाले. "हम यही पढ़ाते हैं बच्चों को."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विळ्यानं कचाकच पाय उडवले. कळ्या जरा कमी वाटल्या, म्हणून शेजारी एक नवखी पोरसवदा बाई बसली होती तिच्याकडच्याही चार मुठी घेतल्या. तिचेही पाय कापायला लावले. दोन्ही एकाच पिशवीत. पिशवी किती स्वच्छ राहिली, याचाच आनंद.

घरी सासूनं पिशवी परातीत ओतली आणि एकेक कळी उलटी करून पाहायला लागली.

"पाय कुठं हायेत याचे?"

"कापून आणले. चिखल होता."

"अवं मंग वळखाचं कशानं? चांगल्या टेकोड्याचं मूळ लांब राह्यते, खाली वारुळात जाते. वाईट असन तं बुडाशी कांद्यावानी गोटा राह्यते. तू तं वळखच फेकून आली."

झालं, मला चढली. विषारी जातीच्या दांडीला कडं असतं, इथे कुठं कडं दिसतं ते दाखवा, असं मी तिला विचारलं. पट्ट्या, बीजाणू, कुळ, गण, सगळं तिच्यापुढे ओतलं. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती, त्यामुळे माझा आवाज आणखीच चढला. सासू म्हणाली, फेकून दे. मी म्हटलं, "आई, तुम्ही मला जीवशास्त्र शिकवू नका. आधी पोरीलाच वाढते, मग तर पटेल?"

असं मी म्हटलं. हेच शब्द.

कांदा-लसणाचं वाटण घालून रस्सा केला. मीठ पाहायला चमचाभर तोंडात टाकला, फक्कड झाला होता. पोरीचं ताट वाढलं, तेवढ्यात खाली गॅसच्या गाडीनं हॉर्न मारला. आमच्याकडे एकदा गाडी गेली की आठवडाभर येत नाही, म्हणून मी चप्पल घालून पळाले. सिलिंडर, पुस्तक, सही, त्या माणसाशी हुज्जत, यात दहा मिनिटं गेली. वर आले तर पोरीच्या जागेवर सासू बसलेली, ताट चाटूनपुसून साफ, आणि पोरगी कोपऱ्यात फुरंगटलेली.

"मम्मी, आजी ने मेरा पूरा खा लिया!"

"भूक लागलती मले," सासू म्हणाली. "तिले वरण-भात दे. बाकीचं उद्या खाजो तुमी." आणि रश्श्याचं पातेलं तिनं झाकून वरच्या फळीवर ठेवून दिलं.

मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. बोलत होती तोऱ्यात, आणि वास आल्यावर पोरीचं ताटसुद्धा सोडलं नाही, असं मनात म्हणत मी पोरीबरोबर वरण-भात खाल्ला आणि भांडी घासली. खाल्लं म्हणजे पटलं. पहिल्यांदाच या बाईनं माझ्या शिक्षणाला मान दिला, असं मला वाटलं आणि मी चक्क गुणगुणत होते.

तीन वाजता मी चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासायला बसले. एका मुलीनं मी वर्गात सांगितलेलंच उत्तर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. ज़हरीले कवक का प्याला मिट्टी के अंदर रहता है और कली की अवस्था में छल्ला दिखाई नहीं देता, इसलिए जड़ सहित उखाड़े बिना पहचान नहीं करनी चाहिए. मी लाल पेनानं बरोबरची खूण केली, पूर्ण गुण दिले, पुढच्या प्रश्नावर गेले. आणि मग माझा हात थांबला.

मला वाटलं, मलाच विष लागलं. चमचाभर मीही चाखला होता ना. लाज वाटते, पण पहिली भीती स्वतःचीच वाटली. सासू आतल्या खोलीत चटईवर आडवी झाली होती. मी तिच्या नाकाशी हात नेला. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "काय व्हय?"

"काही होतंय का आई? मळमळ? पोटात दुखतंय?"

"झोपू देशीन तं काई नाई होत."

पोरीला शेजारणीकडे सोडून मी स्कूटीवर बाजारात गेले. म्हातारीची जागा रिकामी, नवखीचीही. कुठल्या गावच्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे पाल्याचा ढीग पडलेला आणि त्यात एक गाय तोंड घालून उभी होती. ज्या चिखलाला हात लागू नये म्हणून एवढा शहाणपणा केला, त्याच ढिगात मी दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. सडका कोबी, भेंड्यांचे देठ, आणि त्याखाली पिहरीचे पाय. बरेचसे लांब, निमुळते, मुळासारखे. जीव जरा खाली आला. मग एक असा मिळाला की खाली गोटीएवढा फुगलेला आणि भोवती फाटक्या पापुद्र्यासारखं काहीतरी. मी तो पुसला, उलटा-सुलटा केला. विषारी जातीच्या बुडाशी असतो तो पेला असेल. नसेलही, नुसती गायीनं चावलेली साल असेल. सोळा वर्षं मी फळ्यावर पेल्याची आकृती काढत आले, खाली गोल, वर कडा, बाजूला बाण. हातात जे होतं ते तसं नव्हतं आणि अगदीच वेगळंही नव्हतं. मी सापडलेले सगळे पाय रुमालात बांधले आणि स्कूटी घराकडे वळवली.

साडेचारला आम्ही सरकारी दवाखान्यात होतो. सासू रिक्षातून उतरेपर्यंत मला शिव्या घालत होती की धडधाकट बाईले काहून आनलं. मी सोबत रश्श्याचं पातेलं आणि रुमालात बांधलेले पाय घेतले होते. डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा. त्यानं विचारलं, किती वाजता खाल्लं? साडेबारा. उलटी? मी घाईघाईनं म्हटलं, नाही, एकही नाही, एकदम ठीक आहेत.

मला वाटलं त्याला बरं वाटेल. त्यानं पेन खाली ठेवलं.

"मैडम, जल्दी उल्टी हो जाए तो अक्सर हल्का वाला होता है. जो ख़राब वाला है, वो आठ-दस घंटे चुप बैठता है, कभी और ज़्यादा. फिर उल्टी-दस्त. फिर एक दिन मरीज़ बिल्कुल ठीक लगता है, घर जाने की ज़िद करता है. उसके बाद लीवर जाता है."

मी रुमाल सोडून त्याच्यापुढे धरला. त्यानं ते पाय पाहिले, पातेल्यातला रस्सा पाहिला, मग मला विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं. तो थोडं हसला, वाईट मनानं नाही. "फिर तो आप ही बताइए. हमसे अच्छा तो आप पहचानेंगी."

मी काय सांगणार? कप्पाळ?

सासूला विष शोषायला कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून पाजली, सलाईन लावली, रक्त घेतलं. तिचे ओठ, दात, पदर सगळं काळं झालं. ती पलंगावर बसून शेजारच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, "सून हाय माही. शिकलेली हाय." मी दर पंधरा मिनिटांनी मोबाईलमध्ये वेळ पाहत होते. एरवी आजारी माणसाजवळ बसल्यावर आपण म्हणतो, अजून काही झालं नाही, देवाची कृपा. इथे जितका वेळ काही होत नव्हतं तितकी माझी भीती वाढत होती. उलटी व्हावी असं वाटायचं, लगेच वाटायचं, नको, आता झाली तर उशिराची ठरेल. जबलपूरला फोन केला तर नवरा म्हणाला, मी निघतो, पण हे झालं कसं? मी म्हटलं, पिहरी खाल्ली. कुणी आणली हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

रात्र बसून काढली. सकाळी सहाला तिला उलटी झाली. काळीकुट्ट, दोनदा. मी बोटांवर तास मोजले, साडेसतरा. डॉक्टरला बोलवायला धावले. डॉक्टर आला, पोट दाबून पाहिलं, म्हणाला की कोळशानंही होते उलटी, उपाशीपोटी चहा घेतला त्यानंही होते, आता काहीच सांगता येत नाही, उद्याचं रक्त पाहू.

आणि त्यानंतर ती बरी झाली. दहा वाजता बिस्किटं खाल्ली. बारा वाजता केस विंचरले. एक वाजता पलंगावरून पाय खाली सोडून म्हणाली, "चाल, घरी जाऊ. मले आता काईच नाई होऊन राह्यलं."

डॉक्टरनं सांगितलेलं शब्दाला शब्द. घरी जायचा हट्ट करेल. अगं बाई गं! मला तिथे ओरडावंसं वाटलं. मी तिचे डोळे ओढून पिवळे झालेत का पाहिलं. तळहात पाहिले. खिडकीजवळ नेऊन परत पाहिले.

त्या दुपारी मी काय केलं ते सांगते, हसायचं तर हसा. ती डोळे मिटून पडली होती आणि मी सजीवांची लक्षणं मोजत होते, वर्गात मुलांकडून म्हणून घेते तशी. श्वसन: छातीवरची चादर वर-खाली होतेय. हालचाल: पायाची बोटं हलली. संवेदना: अंगठा चिमटला, तर "काय करून राह्यली वं?" असं उत्तर आलं. उत्सर्जन: नर्सनं भांडं नेलं, रंग विचारला तर म्हणाली ठीक आहे. पोषण: बिस्किटं चार. वाढ आणि प्रजनन सोडून दिलं, सत्तरीच्या बाईला ते काय विचारायचं. पाचही झाली की परत पहिल्यापासून. वर्गात मी मुलांना सांगते की ही लक्षणं असली म्हणजे वस्तू सजीव. पण ती उद्या असतील का, हे त्या यादीत कुठेच नाही, आणि त्या दिवशी मला दुसरं काहीच जाणून घ्यायचं नव्हतं. संध्याकाळी शेजारणीच्या फोनवरून पोरीनं विचारलं, "आजी मर जाएगी क्या?" मी तिच्यावर खेकसले. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरनं दोनदा वाचला. यकृत चांगलं होतं, पहिल्या दिवशीचं आणि आजचं सारखंच. तो म्हणाला, खराब वाली असती तर आतापर्यंत इथे दिसलंच असतं. दोन दिवसांनी परत रक्त द्या, आता घेऊन जा. आदल्या रात्री येऊन पोचलेला नवरा सुट्टीचे कागद करायला खाली गेला.

सासू पलंगावर बसून पिशवीत कपडे भरत होती. मी तिच्या पायांशी बसले. म्हटलं, "आई, चुकलं माझं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून खाल्लंत आणि मी..."

तिनं घडी थांबवली.

"इस्वास?" ती म्हणाली. "तुयावर? टेकोड्याच्या बाबतीत?" आणि मोठ्यांदा हसली, अजून दातांच्या फटीत काळं होतं. "अवं, ते तं मी परातीतच पायलं होतं, त्याच्यात दोन जातीचे होते म्हनून."

"मग खाल्लं काहून?" भीतीनं माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

"तू पोट्टीचं ताट वाढून गेलती ना. ते फेकलं असतं तं तू येऊन दुसरं वाढलं असतं. तुले राग आलता, तू ऐकत होती का कोनाचं?" तिनं साडी पिशवीत कोंबली. "मनलं, आपनच खाऊन घेऊ. वाईट असन तं मले होईन. मले झाल्यावर तं तू तिले नाई वाढनार."

"आणि तुम्ही मेला असता तर?"

"तं तुले समजलं असतं," ती म्हणाली. "आता चाल, पोट्टी वाट पाहून राह्यली असन."

तिनं उठायला माझ्याकडे हात केला. मी तो धरला, पण जमिनीवर बसलेली मीच होते, आणि शेवटी तिनंच मला ओढून उठवलं.